घरी भरलं म्हणून .३२ चं .३८ होत नाही

आखूड नळीच्या छोट्या रिव्हॉल्व्हरबद्दल एक दावा अमेरिकेतल्या शौकिनांत वर्षानुवर्षं फिरतोय, आणि आता तो मराठीतही वाचायला मिळतो. तो असा: .३२ (हा गोळीच्या जाडीचा इंचातला ढोबळ आकडा) मुळात दुबळं नाहीच, कारखाने काडतुसात मुद्दाम कमी पावडर भरतात. तेव्हा गोळी उडाल्यावर उरणाऱ्या रिकाम्या पितळी पुंगळ्या जपून ठेवा, घरी स्वतः भरा, आखूड नळीसाठी झटकन जळणारी पावडर घ्या, की तेच हत्यार निम्म्या खर्चात .३८ स्पेशलच्या तोडीचं होतं. शेवटी कधी कधी हेही जोडलेलं असतं की भारतात परवाना असला की हे सगळं चालतं.

यातली एक गोष्ट खरी आहे. ती खर्चाची. तिच्याकडे नंतर येऊ.

आधी ताकद. .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग हे काडतूस १८९६ चं. त्याची ९८ ग्रेनची (एका ग्रॅमचे साधारण पंधरा ग्रेन) शिशाची गोळी चार इंची नळीतून सेकंदाला साधारण ७०० फूट वेगाने निघते. .३८ स्पेशलची नेहमीची गोळी १५८ ग्रेनची, वेग ७५० च्या आसपास. म्हणजे वेगात फारसा फरक नाही, वजनात आहे. अमेरिकी मानकांनुसार दाबाची कमाल मर्यादा पहिल्याला १५ हजार पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), दुसऱ्याला १७ हजार. इथेही अंतर थोडंच. पण .३८ च्या गोळीचं बूड क्षेत्रफळाने जवळजवळ एक तृतीयांश मोठं असतं, त्यामुळे तेवढ्याच दाबाला तिला रेटा जास्त मिळतो. हा भूमितीचा हिशेब आहे, कारखान्याच्या कंजूषपणाचा नाही. ९८ ग्रेनच्या गोळीत .३८ एवढी ऊर्जा आणायची तर तिला साडेनऊशे फुटांच्या पुढे न्यावं लागेल, आणि दोन इंची नळीत तर हाताशी असलेले सातशेही पुरते मिळत नाहीत.

‘मुद्दाम कमी भरतात’ हा आरोप मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. हो, मुद्दामच. या काडतुसासाठी घडवलेली शंभर वर्षांपूर्वीची रिव्हॉल्व्हरं अजून लोकांच्या कपाटात आहेत, आणि दुकानातून घेतलेलं काडतूस कुठल्या रिव्हॉल्व्हरच्या चक्रात (काडतुसं बसवायच्या फिरत्या नळकांड्यात) जाणार हे कारखान्याला कळायला मार्ग नसतो. ज्यांना खरोखर जास्त ताकद हवी होती त्यांनी काय केलं ते पाहा. १९८४ मध्ये .३२ एच अँड आर मॅग्नम आलं. त्याची पुंगळी लाँगपेक्षा सुमारे चार मिलिमीटर लांब ठेवली. २००७ मध्ये .३२७ फेडरल मॅग्नम आलं, मर्यादा थेट ४५ हजार पीएसआय, आणि पुंगळी आणखी तीन मिलिमीटर लांब. कारण एकच: जोरदार काडतूस जुन्या चक्रात शिरताच कामा नये. घरी लाँगच्याच पुंगळीत मॅग्नमचा भार (पावडरीचं प्रमाण) कोंबणारा माणूस नेमकं हेच कुलूप तोडतो. ‘माझं रिव्हॉल्व्हर नवं आणि भक्कम आहे’ हे उत्तर पुरत नाही. ती पुंगळी पुढे कोणाच्या हाती लागेल आणि आजोबांच्या हत्यारात जाईल, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. आणि हत्यार नवं असेल, तर एच अँड आर मॅग्नमचंच घ्या ना. त्यात लाँग काडतूसही चालतं. तशी छोटी, सहा गोळ्यांची रिव्हॉल्व्हरं आज अमेरिकेत मिळतात. त्याच आकाराच्या .३८ मध्ये पाच मावतात. .३२ घ्यायचं खरं कारण असलंच तर हे, आणि सौम्य धक्का.

आता पावडर. नळी आखूड म्हणून पावडर जलद हवी, हे ऐकायला पटतं. पण लांब नळीत जी पावडर जास्त वेग देते तीच बहुधा आखूड नळीतही जास्त देते. वेग दोघींचाही घटतो, क्रम सहसा बदलत नाही. दाबाचा शिखरबिंदू गोळी जेमतेम हलते तेव्हाच येऊन जातो. जलद पावडरीचा फायदा वेगळा आहे: ती कमी लागते, आणि तोंडाशी भडका व आवाज कमी होतो. कमी लागते हाच धोकाही आहे. लाँग ही काळ्या दारूच्या जमान्यातल्या, १८७८ च्या .३२ ची लांबवलेली आवृत्ती. तिच्यात आधुनिक पावडर तळाला चिमूटभर बसते. चुकून दोनदा पडली तरी मावते, आणि वरून पटकन लक्षातही येत नाही. उलट पडलीच नाही, तर नुसत्या प्रायमरच्या (पावडर पेटवणाऱ्या तळाच्या टिकलीच्या) जोरावर गोळी नळीत अडकते आणि पुढची तिच्यावर जाऊन आदळते. म्हणून जाणते लोक गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेड पाडून पाहतात आणि छापील भारसारणीबाहेर जात नाहीत.

हलक्या हत्याराची आणखी एक खोड या दाव्यात कधीच नसते. अर्धा किलोचं रिव्हॉल्व्हर उडताना चक्रातल्या उरलेल्या पुंगळ्यांना मागे खेचतं. गोळ्या मात्र जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहतात. पुंगळीच्या तोंडाची घडी सैल असेल तर गोळी पुढे सरकत सरकत चक्राबाहेर नाक काढते आणि चक्र अडतं. भार जितका वाढवाल तितकं हे लवकर. ज्या जोरासाठी खटाटोप केला, तोच हत्यार बंद पाडतो.

खर्चाचं मात्र मान्य. .३२ ची काडतुसं अमेरिकेत .३८ पेक्षा कमी खपतात, त्यामुळे महाग पडतात आणि दुकानात सहज सापडत नाहीत. पुंगळी कमी दाबाची, म्हणून पुन्हा पुन्हा भरता येते, आणि शिसंही थोडंच लागतं. सरावासाठी घरी भरणं नक्की परवडतं, फक्त निम्म्याचा हिशेब सगळीकडे बसत नाही. २०२० नंतर प्रायमरचा तुटवडा पडला तेव्हा तर तो पार कोलमडला. आणि सौम्य भारात हे काडतूस किती नेमकं आहे, हे नेमबाजांना विचारा. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेत .३२ ची सपाट तोंडाची वॉडकटर गोळी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. पंचिंग मशीनसारखं स्वच्छ भोक पाडते. याच प्रकारात २००६ च्या दोहा आशियाई खेळांत जसपाल राणाने ५९० गुण करून विश्वविक्रमाशी बरोबरी केली होती. .३२ चं बळ या नेमकेपणात आहे.

राहिला भारत. इथे .३२ अनोळखी नाही. कानपूरच्या कारखान्याचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये आलं तेही .३२ च, आणि आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘केएफ’ छापाची काडतुसं परवानाधारकांना ठाऊक आहेत. पण हत्यार बाळगण्याचा परवाना आणि काडतूस बनवण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार त्यासाठीच दिलेल्या परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. त्याच कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ती बनवायची यंत्रंसुद्धा ‘दारूगोळा’च ठरतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. अमेरिकेत रविवारचा छंद म्हणून टेबलावर मांडलेलं ते भरणी यंत्र इथे घरात सापडलं, तर ‘माझ्याकडे रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे’ हे सांगून भागणार नाही.