ड्रेनेजचा आराखडा अख्ख्या भीमा खोऱ्याचा करा

पुण्यात आधी बिल्डिंग उभी राहते, मग टँकर सुरू होतात, मग कधीतरी पाण्याची लाइन येते, आणि ड्रेनेजचा नंबर सगळ्यात शेवटी. वर्षानुवर्षं हेच चाललंय आणि आता खरंच सहन होत नाही म्हणून लिहितोय.

2017 ला 11 गावं महापालिकेत आली, 2021 ला अजून 23. मैलापाणी शुद्धीकरणाची जायका या जपानी संस्थेच्या कर्जाची मोठी योजना (11 एसटीपी म्हणजे शुद्धीकरण केंद्रं, 396 एमएलडी म्हणजे रोज 39.6 कोटी लिटर) 2016 च्या कराराची, म्हणजे तेव्हा ही गावं हद्दीबाहेर होती. हद्दीबाहेर होती पण माणसं तर राहतच होती ना, फ्लॅट विकले जातच होते, आणि सगळ्यांना दिसत होतं की आज ना उद्या हे शहरच होणार. नळाने किंवा टँकरने जेवढं पाणी घरात येतं त्याच्या साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, हा इंजिनिअर लोकांचा नेहमीचा हिशोब आहे, त्यामुळे बांधकामाची परवानगी देतानाच किती मैलापाणी येणार ते कळतं. मग लाइन कुठून न्यायची हे त्याच दिवशी का ठरत नाही?

मोठ्या सोसायट्यांना स्वतःचा एसटीपी बंधनकारक आहे म्हणतात. आहे, कागदावर आहे. आमच्या जवळच्या एका सोसायटीत लाइट बिल वाचवायला रात्री टाकीत हवा सोडणारे ब्लोअर बंद ठेवायचे. टाकीतल्या जिवाणूंना हवा लागते, ती तुटली की ते मरतात आणि मग सकाळी ओढ्यात पडतं ते काळं, फेसाळ पाणी, वासाने खिडकी उघडता येत नाही.

पावसाळ्यात तर विचारू नका. मुख्य ड्रेनेज लाइन उताराने न्यायची म्हणून ओढ्याच्या कडेनेच टाकतात, पावसाचं पाणी त्यात शिरतं, चेंबरची झाकणं उचलली जातात आणि मैला रस्त्यावर. पुढे एसटीपीला तेवढं पाणी झेपत नाही, मग ते तसंच नदीत सोडायचं. पावसाळी लाइन वेगळी ठेवा हे किती वेळा सांगायचं? जानेवारी 2025 ला सिंहगड रोडच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएस (गुलेन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) चे पेशंट वाढले, दूषित पाण्याचा संशय आला, तेव्हा चार दिवस सगळे जागे झाले. पुढे काय?

आणि हे पाणी पुण्यात थांबत नाही हो! मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनी धरणात. तेच उजनी सोलापूर शहर पितं. माझी मावसबहीण करमाळा तालुक्यात बॅकवॉटरच्या काठाला राहते, उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं, मोटारीचा फुटबॉल (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाचा जाळीचा व्हॉल्व्ह) साफ करायला पाण्यात उतरलं की अंगाला खाज सुटते, ती सांगते तेव्हा मला पुणेकर म्हणून मान खाली घालावी लागते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, पुणे वेगळं, पिंपरी-चिंचवड वेगळं, पीएमआरडीए (आजूबाजूच्या भागाचं विकास प्राधिकरण) वेगळं असे तुकडे करून हे कधीच सुटणार नाही. पुढच्या 30 वर्षांचा एकच आराखडा हवा, पवना-इंद्रायणीपासून उजनीपर्यंत. ड्रेनेज लाइन जोडल्याशिवाय भोगवटा पत्र (राहायला जायची परवानगी) देऊ नका. एसटीपीच्या जागा आत्ताच आरक्षित करा, नंतर तिथे बिल्डिंग झाल्यावर रडून उपयोग नाही. आणि आराखड्याच्या मीटिंगला दौंड, इंदापूर, करमाळा, सोलापूरच्या लोकांना बोलवा, त्यांना मत द्यायचा हक्क द्या, कारण आपलं सोडलेलं पाणी त्यांच्या घरात जातंय. हरकती-सूचना मागवतील तेव्हा एवढं तरी सगळ्यांनी लिहून द्या, ज्यांना त्या पत्राचा मसुदा हवाय त्यांनी सांगा, मी पाठवतो.