मृगाचा पहिला पाऊस पडला की पेरा म्हणणारा तो मेसेज

गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचा सार असा: नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता, म्हणजे तापमानवाढ खोटी. ज्या हवामान खात्याला उद्याचा पाऊस धड सांगता येत नाही, ते 30 वर्षांनंतरचं काय सांगणार? पावसाची सरासरी होती तेवढीच आहे, म्हणजे काहीच बदललेलं नाही. तेव्हा अंदाज बाजूला ठेवा आणि वाडवडील पेरायचे तसं मृगाच्या पहिल्या पावसावर पेरा. हा मेसेज वाचून आमच्या मामांनी बियाण्याच्या बॅगा बाहेर काढल्या, म्हणून गप्प बसवत नाही.

थंडीचं आधी उरकू. नागपूरचे 3.5 अंश खरे आहेत, तारीख 29 डिसेंबर 2018. पण तेच 2018 हे वर्ष हवामान खात्याने 1901 पासूनच्या नोंदींत देशातलं सहावं सर्वांत उष्ण वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. एका पहाटेचा पारा हे त्या दिवसाचं हवामान झालं. एखाद्या प्रदेशाचं हवामान बदललं की नाही हे ठरवायला निदान 30 वर्षांच्या नोंदी लागतात. जागतिक हवामान संघटनेची सध्याची सरासरी 1991 ते 2020 या काळाची आहे.

अंदाज चुकतो, हे मात्र मान्य करावं लागेल. जूनमधले गडगडाटी ढग काही किलोमीटरचेच असतात. शेजारच्या गावाला झोडपतात आणि तुमचं वावर कोरडं राहतं. पण अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ चारपैकी फार तर एका केंद्रावर पाऊस. तो आपल्याच वावरात पडेल, असं खातं म्हणत नाही. आणि उद्याचा ढग कुठे फुटेल हे न कळण्याचा पुढच्या तीस वर्षांशी संबंध नाही. पुढच्या मे महिन्यात कोणत्या तारखेला पारा 45 वर जाईल हे कोणी सांगू शकत नाही. तरी मे महिना जानेवारीपेक्षा तापणार हे सगळ्यांनाच ठाऊक असतं.

सरासरीचा मुद्दा जास्त फसवा आहे, आणि तो धड खराही नाही. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाचा 2020 चा अहवाल सांगतो की 1951 ते 2015 या काळात देशातला जून ते सप्टेंबरचा पाऊस सुमारे 6 टक्के घटला. मध्य भारतात मात्र दिवसाला 150 मिमीपेक्षा जास्त पाऊस पडण्याचे प्रसंग 1950 ते 2015 दरम्यान सुमारे 75 टक्क्यांनी वाढले. म्हणजे दोन झोडपणाऱ्या पावसांच्या मधली कोरडी उघडीप सरासरीत दिसतच नाही. ती पिकाला दिसते.

आता पेरणीचं, कारण खरं नुकसान इथे आहे. भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर 30-40 मिमीचा पाऊस पडला की वरचा थर ओला दिसतो, खाली मात्र कोरडं असतं. सोयाबीनचं बी फुगायला स्वतःच्या वजनाच्या निम्मं पाणी ओढतं. तेवढी ओल त्याला मिळते, अंकुर फुटतो, मग चार दिवस ऊन तापतं आणि कोंब मातीतच वाळतो. बी फुकट, खत फुकट, आणि दुबार पेरणी लांबत मध्य जुलैपर्यंत गेली तर सोयाबीन पेरायची शिफारसच राहत नाही.

म्हणून 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय तिफन (पेरणीचं अवजार) काढू नका. हा आकडा दोन-चार पावसांत मिळून भरलेला चांगला. एका तासात कोसळलेलं पाणी उताराने वाहून जातं. पर्जन्यमापक नसेल तर सरळ भिंतींचा, सपाट तळाचा डबा झाडा-घरांपासून लांब, मोकळ्यात ठेवा. रोज सकाळी साडेआठला आतलं पाणी पट्टीने मिमीत मोजा आणि ओतून द्या. मग वावरात तीन-चार ठिकाणी वीतभर खणा. तळाच्या मातीचा मुठीत गोळा झाला आणि वाफसा, म्हणजे चिखल न होणारी मोकळी ओल, असेल तर पेरा, बी 3 ते 5 सेंमीच खोल. त्याआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. 70 पेक्षा कमी उगवले तर ते बी वापरू नका.

ज्यांनी मेसेज वाचून आधीच पेरलं आहे, त्यांनी लगेच मोडायची घाई करू नये. तासात, म्हणजे पेरलेल्या ओळीत, हाताने उकरून बघा. बी टणक आणि कोरडं असेल तर पुढच्या पावसाची वाट बघता येते. मऊ पडून वास मारत असेल किंवा कोंब वाळला असेल तर ते गेलं. आठवडाभरानंतर तासातला एक-एक मीटर पाच ठिकाणी मोजा: दोन तासांत 45 सेंमी अंतर असेल तर मीटरला 20 च्या आसपास रोपं हवीत. थोडी कमी असतील तर नांगे, म्हणजे रिकाम्या जागा, बी टोचून भरा; निम्मीही नसतील तरच पुन्हा पेरा, तेही ओल बघूनच.