पायथनमध्ये "नंबर कॉपी होतात, लिस्ट रेफरन्सने जाते" हे पाठ करू नका

प्लेसमेंट जवळ आली की मुंबईतल्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोच: "पायथनमध्ये नंबर-स्ट्रिंग कॉपी होतात, लिस्ट-डिक्शनरी रेफरन्सने जातात. त्यामुळे लूपमध्ये आयटम नंबर असेल तर मूळ लिस्ट बदलत नाही, आयटम लिस्ट असेल तर बदलते. कॉपी मारली की टेन्शन नाही." तिन्ही वाक्यांत घोळ आहे आणि पोरं हेच घोकून इंटरव्ह्यूला बसतात, म्हणून नीट लिहितोय.

नंबर कॉपी होत नाही. क्ष मध्ये ५००० ठेवा, मग य = क्ष करा आणि दोघांचा आयडी (ऑब्जेक्टची ओळख सांगणारा नंबर) प्रिंट करून बघा, एकच येतो. असाइनमेंट काहीच कॉपी करत नाही, त्याच ऑब्जेक्टला अजून एक नाव देते, बस. नंबर सेफ वाटतो कारण त्याला जागेवर बदलायची सोयच नाही, लिस्टला आहे. स्लो = ["दादर", "माटुंगा रोड", "माहीम", "वांद्रे"] अशी लिस्ट घ्या (पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात), मग फास्ट = स्लो करून फास्टमधून माटुंगा रोड आणि माहीम रिमूव्ह करा, की स्लो लोकलपण दादरवरून थेट वांद्र्याला, कारण लिस्ट मुळात एकच होती.

लिस्ट रेफरन्सने जाते हेही नाही. फंक्शनच्या आत त्या नावाला नवीन रिकामी लिस्ट असाइन करा, बाहेरची जशीच्या तशी राहते; खरंच रेफरन्सने गेली असती तर बाहेरचीही रिकामी झाली असती. फंक्शनला फक्त त्याच ऑब्जेक्टचं अजून एक नाव मिळतं, या पद्धतीला कॉल बाय शेअरिंग म्हणतात, बार्बरा लिस्कोव्ह यांच्या सीएलयू भाषेपासून, म्हणजे १९७० च्या दशकापासून.

आता लूप, खरी गडबड इथेच होते. लूपमधलं नाव प्रत्येक फेरीत चालू आयटमला चिकटतं, एवढंच. मूळ लिस्ट बदलणार की नाही हे आयटम कुठल्या टाइपचा यावर नाही, तुम्ही त्याचं काय करता यावर ठरतं. समजा रूट्स या लिस्टमध्ये स्टेशनांच्या लिस्ट आहेत आणि लूपमध्ये तुम्ही रूट = रूट + ["अंधेरी"] लिहिलंत, तर रूट्समध्ये काहीच होत नाही, नवीन लिस्ट बनली आणि नाव तिकडे गेलं. पण रूट += ["अंधेरी"] लिहिलंत तर तीच लिस्ट जागेवर वाढते आणि रूट्समध्ये सगळीकडे अंधेरी दिसायला लागतं. दोन्ही वेळा आयटम लिस्टच होता ना? नंबर किंवा स्ट्रिंग बदलायची असेल तर एन्युमरेट (आयटमसोबत त्याचा इंडेक्सही देतं) वापरून इंडेक्सने मूळ लिस्टमध्येच लिहा.

पर्ल भाषेवरून आलेल्यांचा गोंधळ मी समजू शकतो, कारण तिथे फॉरईचमधलं नाव खरंच त्या एलिमेंटचं एलियास, म्हणजे त्याच जागेचं दुसरं नाव असतं, त्याला असाइन केलं की अॅरे बदलतो. सी++ मध्ये ऑटोपुढे अँपरसँड लावला की तसंच. पायथनमध्ये तशी सोय नाही.

आणि कॉपी. रूट्सची कॉपी घेतली की फक्त बाहेरची लिस्ट नवीन, आतले रूट तेच, त्यातल्या एकात अपेंड केलं की दोन्हीकडे दिसणार. पूर्ण स्लाइस घेतली तरी तेच. आतलंही सुटं हवं असेल तर डीपकॉपी. नमपायमध्ये (नंबरांच्या अॅरेसाठीची पायथन लायब्ररी) तर साधी स्लाइस म्हणजे त्याच डेटावरचा व्ह्यू, त्यात लिहिलं की मूळ अॅरे बदलतो, वेगळा हवा असेल तर कॉपी आपणच मागायची.