डायरेक्ट करून टाका!

कपडे वाळवायचं विजेचं मशीन घरात कसं सांभाळावं, यावर चार शब्द सांगायला बसलो आहे. तुमचा अधिकार काय, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे एक पंचा आहे. पांढरा होता. आता मधोमध तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा करपलाय आणि त्या करपलेल्या भागात बोट जाईल एवढं भोक आहे. मागच्या पंधरवड्यातली कमाई. एवढी पदवी पुरे.

आधी एक खुलासा. ड्रायर म्हटलं की आपल्याकडे लोक सेमी ऑटोमॅटिक मशीनची दुसरी टाकी दाखवतात. "आमच्याबी मशीनला आहे की ड्रायर, पाच मिनटं फिरवलं की झालं." मावशी, तो कपडे पिळतो. मी म्हणतोय ते धूड वेगळं. त्याच्यात हीटर असतो, मोठा ड्रम फिरतो, गरम हवा कपड्यांतून जाते आणि दमट होऊन मागच्या पाइपातून बाहेर पडते. आमचं दोन हजार वॅटचं आहे, म्हणजे हीटर सलग चालला तर तासाला दोन युनिट. ज्या मुलखात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मुलखात कपड्यातलं पाणी घालवायला मी पैसे मोजून यंत्र आणलं. मे महिन्यात परभणीत गच्चीवर जीन्स टाकावी, खाली येऊन चहा घ्यावा, वर जावं, तर जीन्स कुरडईसारखी वाजते. आईचं हेच म्हणणं होतं. पण २०२५ च्या सप्टेंबरात पावसानं मराठवाड्याचं काय केलं ते तुम्ही पाहिलंय. त्यापुढं आमच्या घरातला कुबट वास म्हणजे काहीच नाही, पण पोरगा पुण्याहून म्हणाला, "बाबा, घेऊन टाकू." जगात जर्मनी, भारतात परभणी. आलं मशीन.

तर सूचना पहिली. मशीनच्या दारापाशी एक जाळी असते. कपड्यांची सगळी लव, धागे, केस तिथं अडकतात. प्रत्येक वेळी कपडे काढले की ती जाळी काढून साफ करावी, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. अजिबात करू नका. आपण कापूस पिकवणारी माणसं. शेतात बोंडअळी सगळं खाऊन जाते, इथं घरातल्या घरात फुकट कापूस जमतोय, तर जमू द्या. सहा महिन्यांत एक उशी भरेल. आणि मानवत-सेलूकडच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीला ठिणगी लागली की काय होतं, ते आठवायचं नाही. तो कापूस वेगळा, हा वेगळा.

सूचना दुसरी. मागचा पाइप भिंतीला चेपून ठेवावा. बाहेरच्या तोंडात कबुतरानं घर केलं तर पुण्य समजावं.

तिसरी. मशीन ठासून भरावं. सहा किलो लिहिलंय ते कंपनीचं म्हणणं. काळीपिवळीवरही नऊ लिहिलेलं असतं.

खिसे तपासू नयेत. आमच्या भाच्याच्या पँटीतून चुन्याची डबी गेली होती. सगळ्या वऱ्हाडाचे कपडे आतून पांढरे निघाले आणि आजही ड्रमच्या एका फटीत चुना आहे.

दिवाळीच्या तळणीचे तेलकट फडके धुतल्यासारखे करून वाळवावेत आणि गरमगरम गठ्ठा बांधून कोपऱ्यात ठेवावेत. तेल पूर्ण निघालेलं नसतं, आतल्या आत उष्णता वाढत जाते आणि असे गठ्ठे नंतर आपोआप पेटू शकतात. काडीपेटीचा खर्च वाचतो.

बोअरच्या पाण्याचं एक सांगायचं राहिलं. ड्रमच्या आत दाराजवळ दोन चकचकीत पट्ट्या असतात. ओले कपडे त्यांना टेकले की मशीनला ओल कळते. आपल्या पाण्याचा पांढरा थर आपण बादलीवर पाहतो, नळावर पाहतो, किटलीत पाहतो. तोच त्या पट्ट्यांवर बसला की मशीनला कपडे वाळले असंच वाटायला लागतं आणि ते अर्ध्यात थांबतं. ओल्या फडक्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पट्ट्या पुसल्या तर दोन मिनटांचं काम. पण तुम्ही पुसू नका, मशीन बोगस आहे असं सगळ्या पाहुण्यांना सांगा. मी चार महिने सांगितलं.

बिनपाइपच्या मशीनमध्ये पाणी टाकीत साचतं आणि टाकी भरली की मशीन बंद पडतं. टाकी रिकामी करायच्या आधी तक्रार नोंदवावी.

आता तक्रारीचंच. आमच्या मशीनमधून एक दिवस गार हवा यायला लागली. ड्रम फिरतोय, दिवे लागतायत, गरमी नाही. फोन केला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, हे मी तेवीस मिनटं ऐकलं. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, अनुभव कसा वाटला. कुणी आलंच नव्हतं. मग एका पोराचा फोन: "सर, ओटीपी सांगा, मग येतो." मी म्हणलं, आधी ये, मग सांगतो. तो म्हणाला, "तसं नसतं सर, सिस्टिम आहे." त्यानं पार्ट औरंगाबादहून येईल असं सांगितलं, मेसेजमध्ये संभाजीनगरहून येईल असं लिहिलं होतं. दोन्हीकडून आला नाही.

तेव्हा सूचना, ही सातवी का आठवी असेल ते सोडा: कंपनीच्या नादी लागू नये. आपल्या गल्लीतला वायरमन बोलवावा. तो "यायलो काका, वसमत रोडलाच आहे" असं म्हणतो आणि दोन दिवसांनी येतो, पण येतो. आला. मशीन पुढं ओढलं, मागचा पत्रा काढला. आत पाहिलं तर काय, हीटरच्या पेटीभोवती करड्या रंगाचा कापूस, पिंजून ठेवल्यासारखा. दोघांनीही तो पाहिला. दोघांपैकी एकानंही तो काढला नाही. मग त्यानं अंगठ्याच्या पेराएवढी एक पांढरी वस्तू उपटली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"काका, हे गेलंय. हे काही कामाचं नसतंय, कंपनीवाले उगं लावतेत."

दोन्ही वायरी दातानं सोलल्या, एकमेकीला पिळल्या, वरून काळी टेप. "डायरेक्ट करून टाकलं. आता दहा वर्षं बघायचं काम नाही." चारशे रुपये. वर मी चहा पाजला, आणि तो चहा पीत असताना मशीनमधून गरम हवा आली तेव्हा मला खरंच भरून आलं.

डायरेक्ट! हा शब्द ज्यानं आपल्याकडं आणला त्याचा पुतळा बसवला पाहिजे. मोटारीचा स्टार्टर पडतोय, डायरेक्ट करा. फ्रीजचा थर्मोस्टॅट गेला, डायरेक्ट करा. गीझर आपोआप बंद होतोय, म्हणजे बिघडलाय, डायरेक्ट करा. एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडणारं ते बटण, सारखा पडतोय? सोळा अँपिअरचा काढा, बत्तीसचा टाका, भिंतीतली वायर तीच पातळ असू द्या, तिला कोण विचारतंय. मोठ्या पिनचा प्लग छोट्या सॉकेटात जात नाही? कन्व्हर्टर मिळतो, वीस-तीस रुपयाला. दोन हजार वॅट त्या कन्व्हर्टरमधून ओढा, प्लॅस्टिक तपकिरी पडलं की समजायचं, मुरलं आता. तिसरी पिन आडवी येते? पक्कडीनं मोडा. अर्थिंग म्हणजे घर बांधताना ठेकेदारानं खड्ड्यात टाकलंय म्हणून सांगितलेलं मीठ-कोळसा. तुम्ही पाहिलाय तो खड्डा? मीही नाही. शेतातल्या डीपीवर फ्यूजच्या जागी जाड तार अडकवतात, तिथं मी एक वेळ गप्प बसेन. रात्रीची लाइट, पाणी द्यायचं राहिलेलं, लाइनमन फोन उचलत नाही, तो माणूस करील काय? पण आपण? आपण पंख्याखाली बसून, चष्मा लावून, पोरांना बीई करून, हातात चहाचा कप घेऊन समोर डायरेक्ट होताना बघतो आणि वर विचारतो, "परत त्रास देणार नाही ना?"

नवव्या दिवशी संध्याकाळी मशीन लावून मी पुढच्या खोलीत बातम्या बघत होतो. आई आतून म्हणाली, "काहीतरी करपायलंय रे." मी म्हणलं, पोळी असेल. आई म्हणाली, "पोळ्या व्हायच्यात अजून." ऐंशी वर्षांची बाई काठी टेकत गेली आणि तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं. मी गेलो तोवर दारातून धूर येत होता. फार नाही, उदबत्तीएवढा. दार उघडलं, पंचा ओढून काढला, मोरीत टाकला, वर बादली ओतली. (हे दार उघडणंही चूकच. आत खरंच पेटलेलं असतं तर हवा मिळाली असती आणि मग मी हे लिहायला नसतो.) नशीब, जाळ पंच्यापुढं गेला नाही. हीटरच्या पेटीवरचा तो पिंजलेला कापूस कडेनं काळा झाला होता. माझ्या हातावर ठेवलेली ती पांढरी वस्तू मी टीव्हीखालच्या खणात टाकली होती, सुट्या पैशांत. ती काढून पाहिली.

ती बिघडलेली नव्हती हो. तिनं तिचं काम केलं होतं. जाळी तुंबली, पाइप तुंबला, हवा पुढं सरकेना, हीटर तापतच गेला, तेव्हा तिनं स्वतः तुटून हीटर बंद केला. त्याला थर्मल फ्यूज म्हणतात. एकदा तुटला की परत जुळत नाही, त्याच तापमानाचा नवा घालावा लागतो, आणि घालण्याआधी तो का तुटला ते शोधावं लागतं. आमच्या बाबतीत शोधायचंही नव्हतं, समोर दिसत होतं, मुठीनं निघालं असतं. ते न काढता आम्ही राखणदारच काढून टाकला.

वायरमनला फोन केला. तो म्हणाला, "काका, मशीन जुनं झालंय तुमचं."

चिडलो त्याच्यावर. पण जाळी त्यानं तुंबवली नव्हती. सहा महिन्यांत ती मी एकदा काढली, तीही रिमोटचा सेल आत पडला म्हणून. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर निघालंच नाही. पट्ट्या पुसल्या नाहीत, पाइप सरळ केला नाही, मशीन चालू ठेवून बाजारात गेलो, रात्री लावून झोपलो. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा मी, आणि घर वाचवलं आईच्या नाकानं.

आणि तुम्ही हसू नका. तुमच्या गीझरच्या प्लगला तिसरी पिन आहे का? उठून बघा. बत्तीसचा एमसीबी कुणी टाकलाय, कधी टाकलाय, कशाला टाकलाय, विचारलंत कधी? ड्रायर असेल तर आज जाळी काढा, पाण्याखाली जुन्या दातांच्या ब्रशनं घासा, वाळू द्या, मगच लावा. पाइप काढून आतून झाडा. गरमी येत नसेल तर आधी हवेचा रस्ता मोकळा आहे का ते बघा, मग फ्यूज बघा, आणि कुणी डायरेक्ट म्हणालं तर चहा न देता वाटेला लावा. तुमची पोरं त्या खोलीत झोपतात ना? मग एवढा कंटाळा कशाचा येतो तुम्हाला? आणि मागचा पत्रा काढायच्या आधी प्लग काढा. बटण नाही बंद करायचं नुसतं. प्लग काढायचा, भिंतीतून.