पाठीतली सुई, पूर्ण भूल आणि मामांची छाती

तासगावच्या ताई, तुमच्या प्रतिक्रियेत माझ्यावर दोन आरोप आहेत. एक, मामांची छाती विडीने घरघरते, तरी मिरजेत जठराच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला पूर्ण भूल देणार आहेत आणि मी लेखात तिचीच तळी उचलली. काकांचा हर्निया पाठीत सुई देऊन झाला, मग इथे का नको? दुसरा, प्रोपोफॉलने, म्हणजे शिरेतून द्यायच्या भुलेच्या औषधाने, भूल दिली तर कॅन्सर पुन्हा उलटून येत नाही, हे मी लपवलं. भूलतज्ज्ञ आपल्या धंद्याचीच बाजू घेणार, हा टोमणा वेगळाच. तो राहू दे.

हर्निया जांघेत असतो. जठर बरगड्यांच्या आड, श्वासपटलाला लागून. कमरेतल्या इंजेक्शनची बधिरता तिथवर चढवायची तर रक्तदाब कोसळतो, खोकायचे स्नायू ढिले पडतात, आणि तरी जठर ओढलं की पेशंटला कळतंच, कारण व्हेगस नस थेट मेंदूतून उतरते. शिवाय गाठीने जठराची खालची वाट अडली असेल, तर रात्रभर उपाशी ठेवूनही पोट भरलेलंच. म्हणून आम्ही आधी रायल्स ट्यूबने, म्हणजे नाकातून जठरात घातलेल्या नळीने, ते उपसतो आणि भूल चढताक्षणी श्वासनलिकेत नळी सरकवून तिचा फुगा फुगवतो. पोटातलं पाणी फुफ्फुसात उतरू नये, यासाठी. तुम्हाला भीती वाटते ती नळीच मामांच्या छातीची राखण करते.

पाठीतली सुई मात्र सोडायची नाही. ती पूर्ण भुलेच्या जोडीला. बहुतेक वेळा भूल देण्याआधीच पेशंटला उशी कवटाळून पाठीला बाक काढून बसवतो आणि खांद्याच्या पात्यांच्या खालच्या टोकाच्या आसपास दोन मणक्यांमधून दोऱ्याएवढी नळी सरकवतो. हे एपिड्युरल. पुढचे दोन-तीन दिवस तिच्यातून दुखणं दाबणारं औषध चालू राहतं. विडीवाल्या माणसाचा खरा घात ऑपरेशननंतर होतो: टाके दुखतात म्हणून तो खोकत नाही, कफ साचतो, न्यूमोनिया होतो. एपिड्युरलने रक्तदाब उतरतो, तो सांभाळावा लागतो. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर मणक्यात रक्त साचायचा धोका असतो. मग पोटाच्या भिंतीतल्या नसा सोनोग्राफीत बघून बधिर करतात.

आता प्रोपोफॉल. जुने केसपेपर चाळून केलेल्या काही अभ्यासांत, जठराच्या कॅन्सरच्याही, प्रोपोफॉल मिळालेले पेशंट जास्त जगलेले दिसले. पण कुणाला काय द्यायचं हे तिथे डॉक्टरांनीच ठरवलेलं, त्यामुळे फरक औषधाचा की मुळात पेशंटचाच, हे कळत नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केलेला मोठा अभ्यास २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, स्तनाच्या कॅन्सरच्या २,१०० हून जास्त बायकांचा. एका गटाला नसा बधिर करून प्रोपोफॉल, दुसऱ्याला सेव्होफ्लुरेन, म्हणजे हुंगवायची भूल, आणि अफूवर्गी औषधं. कॅन्सर उलटण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, सुमारे १० टक्के. स्तनाचा निकाल जठराला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण 'उलटत नाही' असं छातीठोक लिहिण्याजोगा पुरावा मला दिसत नाही. प्रोपोफॉल मी वापरतो ते नंतरच्या उलट्या कमी होतात म्हणून.

मामांच्या भूलतज्ज्ञांना विचारायचंच असेल तर हे विचारा: एपिड्युरल घालणार का, आणि रात्री वॉर्डात ते बघायला कोण असेल? चालू गोळ्यांची पट्टी आणि इनहेलर सोबत न्या, रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेल असेल तर मनाने बंद करू नका. विडी मात्र कुणालाही न विचारता आजच बंद.