येऊ द्या, येऊ द्या

आमच्या गाडीच्या डिकीवर एका अनोळखी माणसाच्या पंजाचा ठसा आहे. धुळीत, पाचही बोटं स्पष्ट. परत येऊन आठ दिवस झाले, गाडी धुतलेली नाही. बायको म्हणते, आळस. असू दे तिचा तसा समज.

दिवाळीनंतर आई, बायको, आठवीतली मुलगी आणि मी असे चौघं पुण्याहून स्वतःच्या गाडीने कोकणात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. प्रवास या विषयावरचं माझं मत तोवर एका वाक्यात संपायचं : 'तिकडे काय आहे एवढं?' तीन वर्षांच्या गाडीने ऑफिस, मंडई आणि मंगल कार्यालयं यांच्यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. चांदणी चौक ओलांडला तेव्हा मुलीने टाळ्या वाजवल्या.

ताम्हिणी घाट सुखरूप उतरलो. आई घाटभर लिंबू हुंगत होती. घाट संपल्यावर तेच लिंबू तिने 'सरबताला होईल' म्हणून पिशवीत परत टाकलं. माणगावात मात्र तासभर रुतलो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा आमची मुलगी जन्मालाही आली नव्हती. आता तिला बीजगणित आहे, आणि माणगावचा बायपास अजून व्हायचाय. त्याची धूळ तेवढी झाली आहे. ती सगळी आम्ही काचा लावून, एसी लावून, तरीही खाल्ली.

आणि एक. आईने पौडपासून पाणी पिणं बंद केलं होतं. का, ते बायकांना विचारायची गरज नाही आणि पुरुषांना कधी सुचत नाही. मलाही माणगावातच कळलं. एका हॉटेलात शौचालयाची किल्ली गल्ल्यावर, हातभर लाकडी फळीला बांधलेली. 'फक्त गिऱ्हाईकांसाठी.' चार चहा सांगितले तेव्हा फळी मिळाली. आई आत जाऊन तशीच परत आली, नाकाला पदर लावून. 'नको गं बाई. हरिहरेश्वर किती लांब आहे?' सत्तरी ओलांडलेल्या बाईला या राज्यात फिरायचं तर तहान घरी ठेवून निघावं लागतं. यावर मला विनोद सुचत नाही. चहाही गुळचट होता.

असो. हरिहरेश्वरला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी बागमांडल्याच्या जेटीवर आलो. इथून फेरीबोट सावित्रीची खाडी ओलांडून पलीकडे वेसवीला सोडते. पाणी दहा-पंधरा मिनिटांचं. रायगड जिल्ह्यात गाडीत बसायचं, रत्नागिरी जिल्ह्यात उतरायचं. फक्त बोटीला तोंड एकच. उतरताना सरळ उतरायचं, म्हणून चढताना उलटं चढायचं. रिव्हर्समध्ये, लोखंडी उतारावरून, दोन्ही बाजूंना पाणी.

माझं रिव्हर्स म्हणजे सोसायटीचा वॉचमन आणि गाडीचा कॅमेरा यांचं संयुक्त कार्य. वॉचमन पुण्यात होता. कॅमेऱ्यावर माणगाव बसलं होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, 'येऊ द्या, येऊ द्या!' आरशात पाहिलं तर पट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट, वर बनियन, डाव्या हातात ओली पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी एक शेपटी. वाटलं, बोटीचा माणूस असणार.

'डावीकडं घ्या.' घेतली. 'अहो, डावीकडं!'

'तुमचं डावं की माझं?' मी खिडकीतून डोकं काढून विचारलं.

'डावं ते डावंच! त्यात तुमचं-माझं काय?'

यावर पुण्याच्या माणसालाही उत्तर देता येईना. मी दोन्हीकडे थोडं थोडं फिरवून पाहिलं. गाडी आडवी झाली. मागे एका टेम्पोने हॉर्न दिला. हाफ पँटवाले काका निवांत पुढे आले, नंबर प्लेट वाचली आणि डॉक्टरने रिपोर्ट वाचावा तशी मान हलवली. 'एमएच बारा.' मग खिडकीपाशी येऊन, अगदी जिव्हाळ्याने, 'गाडी नवीन का डायवर?'

'गाडी तीन वर्षांची आहे.'

'मग डायवर.'

पुन्हा मागे जाऊन त्यांनी येऊ द्या सुरू केलं. फक्त आता पिशवीच्या हाताने खुणा करत होते, त्यामुळे माशाची शेपटी दाखवेल तिकडे मी वळत होतो. 'येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या...' आणि डिकीवर धाडकन थाप. 'बास! पाण्यात जायचंय का?'

शेवटी बोटीवरचा एक पोरगा उतरून आला. मिसरूड जेमतेम फुटलेली. 'काका, उतरा. मी घेतो.' तो 'काका' मला अजून बोचतोय. त्याने एका हाताने स्टेअरिंग फिरवून गाडी दोन मोठ्या गाड्यांच्या मध्ये अशी बसवली, जशी आई फडताळात डबे बसवते. मुलगी आत बसून होती. तिने उतरून त्याला 'थँक्यू' म्हटलं. मला तिने कधी म्हटल्याचं स्मरत नाही.

काका मात्र जेटीवरच. 'तुम्ही येत नाही?' मी विचारलं.

'मी? मी मासळी घ्यायला आलो होतो. पलीकडं कशाला जातोय? पलीकडं काय आहे एवढं?'

बोट सुटली. वाक्य ओळखीचं होतं. आवाजही थोडा माझ्यासारखाच वाटला.

पलीकडे खरोखर फार काही नव्हतं. खाडीत पुलाचे अर्धवट खांब उभे होते, त्यांच्यावर बगळे. तो पूल वेळेत झाला असता तर माझी ही शोभा झाली नसती. पण मग आई कठड्याला धरून, तोंडावर उडणारं खारं पाणी पदराने न पुसता उभी राहिलेलीही दिसली नसती. मागे वाजवायला टेम्पो नव्हता. मी पुढच्या पंधरा मिनिटांत जबाबदारीने एकही काम केलं नाही. आणि आईने सकाळपासून पहिल्यांदा पाण्याची बाटली मागितली.

मग तिने त्या पोराला विचारलं, 'ही बोट परत जाते तेव्हा नुसतं बसून राहिलं तर चालतं का?'

'तिकीट पडेल, आजी.'

आईने माझ्याकडे पाहिलं. पाकीट माझ्याकडे होतं.

तेव्हा नाही, पण दापोली-हर्णै फिरून तीन दिवसांनी आलो ते हट्टाने त्याच बोटीने. आईच्या नाही, माझ्या. बागमांडल्याला सरळ, रुबाबात उतरलो. तर जेटीवर तीच हाफ पँट, नवी शेपटी. त्यांनी ओळखलं. गाडी थांबवायला लावली आणि आत डोकावून विचारलं, 'आज बोटीत कोणी घातली?'

'मीच,' मी म्हणालो.

'वेसवीच्या दादाने,' मागच्या सीटवरून आवाज आला.

'तरीच,' काका म्हणाले.