काकांचा टॅरंट्युला

काल आमच्या गॅलरीतला कोळी वरच्या मजल्यावरच्या काकांनी मारला, सोसायटीच्या ग्रुपवर त्यांच्यासाठी टाळ्या पडल्या आणि मला मेसेज आला की कृपया आपली गॅलरी स्वच्छ ठेवा.

कढीपत्त्यावर जाळं होतं, मधोमध जाड पांढऱ्या धाग्याची नागमोडी फुली, तिच्यावर ही बाई खाली डोकं वर पाय, आठ पाय दोन-दोनच्या जोड्यांनी फुलीवरच ताणलेले, पोटावर पिवळे पट्टे. कडेला इतकुसा तपकिरी नवरा, त्याच्याकडे कोणाचं लक्षच नाही. सिग्नेचर स्पायडर, शास्त्रीय नाव अर्जिओपी, माणसाला काही करत नाही. मी हे काकांना नीट सांगितलं होतं हो.

"हे टॅरंट्युला हाये," काका म्हणाले.

"काका, टॅरंट्युला केसाळ असतो, जाडजूड, तो असं गोल जाळं विणून नाही बसत."

"लहान हाये ना बाप्पा अजून. मोठा झाला का येतीन केस. अन् हे फुली कोणं काढली?"

"तिनंच. काहून काढते ते शास्त्रज्ञांचंही अजून ठरलं नाही, कोणी म्हणतं किडे ओढायला, कोणी म्हणतं पाखरांना जाळं दिसावं म्हणून."

"पाहा! सायंटिस्टले समजून नाही राह्यलं म्हणजे करणीच हाये ना जी!"

यावर काय बोलणार? मग कोळी मुतला की अंगावर फोड येतात हेही झालं. पावसाळ्यात ट्यूबलाइटवर येणारा बारका किडा अंगावर चिरडला की तसे फोड येतात, पण त्याचं नाव कोणाला माहीत नाही, म्हणून बिल कोळ्याच्या नावावर. आणि झुरळांच्या स्प्रेचा अर्धा डबा माझ्या कढीपत्त्यावर. आता तो पोह्यात कोण टाकणार, काका?

यांचा स्वतःचा कूलर जूनपासून पाण्यानं भरलेला आहे, डोकावून पाहा, आत डासांच्या अळ्या वळवळतात. डेंग्यूच्या सीझनमध्ये. त्यावर ग्रुपमध्ये कोणी चकार शब्द काढत नाही कारण काका सीनियर आहेत, मी भाड्यानं राहतो. कचरा जिन्यात ठेवणारे चालतात, कोळी नाही चालत.

आज सकाळी काकांचाच मेसेज, "डास फार झाले, फॉगिंग करून घ्या." खाली सगळ्यांचे अंगठे.